तेवीस किलोंची बॅग

ते साल दोन हजार चोवीस, मे महिना. सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता, नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं, आणि जुळे सोलापूर भागातल्या त्या दुमजली घरात जपानला जायची तयारी चालली होती.

खालच्या मजल्यावर थोरल्या विजयमालाबाई आणि आबासाहेब, त्यांचा मुलगा अभिमन्यू, सून पिंकी, नात सृष्टी. वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ प्रयागबाई, एकटी. तिचा इंद्रजीत पुण्यात नोकरीला. केम गावचा मळा वाट्यानं लावून दोन्ही भाऊ सोलापुरात आले, तेव्हा प्रयागबाईंच्या नवऱ्यानं, रावजींनी, हौसेनं हा जिना बाहेरून न काढता घरातून काढला होता. दोघी जावांना दिवसातून चार वेळा वरखाली करावं लागणार, मग बाहेरून कशाला, असं म्हणाले होते. त्या जिन्यानं एकोणीस वर्षं नुसते निरोप वरखाली होत होते. ते आता सृष्टी नेत होती. त्याआधी तिचा बाप नेत होता.

दोघी जावांच्या अबोल्यालाही रीत होती. सणाला स्वयंपाक एकत्र व्हायचा, एकीनं पुरण वाटलं की दुसरी लाटायला बसायची, पण बोलणं हवेशी. "कुणीतरी सांगा, दूध वर आलंय." "कुणाला हवं असंल तर गूळ डब्यात हाय." मध्ये सृष्टी असली तर तिच्यामार्फत. ती बोलायला लागली तीच मुळात निरोप सांगायला, असं आबासाहेब म्हणायचे. "पोरगी पयला शबूद काय बोलली? आई न्हाय, बाबा न्हाय. 'आज्जी म्हनती'!"

आणि जपान कुठून निघालं, तर एका कॅलेंडरातून. कुठल्याशा इंजिनाच्या कंपनीचं ते कॅलेंडर रावजींनी पंपाच्या दुकानातून आणलं होतं. वर बर्फाचा डोंगर, खाली निळं तळं. प्रयागच्या चुलीवर खिळा ठोकून लावलं आणि म्हणाले, "तुला एकदा हितं नेणार." सगळे हसले होते, कारण तोवर त्यांनी तिला महाबळेश्वरसुद्धा दाखवलं नव्हतं. वर्ष संपलं तशा प्रयागबाईंनी तारखा कापून टाकल्या आणि डोंगर ठेवला. रावजी गेले तरी डोंगर होता. भिंतीला तीनदा रंग लागला, दर वेळी रंगाऱ्याला त्या म्हणायच्या, "तेवढं काढून मग परत लाव." इंद्रजीतला ते लहानपणापासून दिसत होतं. त्यानंच पुण्याच्या एका टूर कंपनीत जागा धरल्या. त्याला स्वतःला रजा मिळेना, म्हणून अभिमन्यूचं कुटुंब आणि दोघी आया, अशी पाच माणसं. आबासाहेबांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. "हितं बसून मी घर राखतो. माणसानं जमिनीवरच मरावं."

निघायला सहा दिवस राहिले असताना कडक भाकऱ्यांचा घाट घातला. अक्कलकोटकडची नागव्वा सकाळी सातलाच आली. पाण्यासारखी पातळ भाकरी थापायची, भाजून पुन्हा तव्याच्या कडेला उभी करायची, खुळखुळ वाजेपर्यंत. पंख्यानं भाकरी नरमते म्हणून पंखा बंद. विजयमालाबाई पीठ मळत होत्या, प्रयागबाई शेंगांची चटणी कुटत होत्या, आणि मधल्या पाटावर बसून सृष्टी भाकऱ्या मोजून कागदात बांधत होती.

"अय्यो, दोनशे भाकरी कशाला बाई?" नागव्वा म्हणाली. "त्या देशात तांदूळ न्हाय काय?"

"तांदूळ हाय, पर त्यावर कच्चा मासा घालत्यात म्हनं," आबासाहेब दारातून म्हणाले. "तुज्या मालकिणी माशाकडं बघूनच परत येतील."

तेवढ्यात अभिमन्यूचा मोबाईल वाजला. टूर कंपनीतली मुलगी होती. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्यानं स्पीकर लावून मोबाईल कट्ट्यावर ठेवला. इंद्रजीत नुकताच पुण्याहून मोठी बॅग घेऊन उतरला होता, तोही ओट्याला टेकून ऐकू लागला.

"सर, हॉटेलची यादी वाचून दाखवते. एका खोलीत तुम्ही, मॅडम आणि सृष्टी. ती अठराची नाही ना, म्हणून आईवडिलांबरोबरच. आणि दुसऱ्या खोलीत विजयमाला मॅडम आणि प्रयाग मॅडम."

चटणीचा बत्ता थांबला.

"त्यांची मी खास सोय केलीये सर," मुलगी उत्साहात होती. "आडनाव एक, जन्मतारीख एक. एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न! जुळ्या बहिणी ना? टूरमध्येच वाढदिवस येतोय. दोघींचा मिळून केक सांगितलाय."

आधार कार्ड काढायला गेल्या होत्या तेव्हा दोघींनाही जन्मतारीख ठाऊक नव्हती. तिथल्या माणसानं दोघींनाही एक जून अठ्ठावन्न लावून टाकला. आबासाहेबांचासुद्धा एक जूनच. तो शाळेतल्या गुरुजींनी लावलेला. एरवी या गोष्टीवर घर हसून लोळलं असतं. आज हसली फक्त नागव्वा, आणि तीही लगेच थांबली.

"यादी बदलता येईल का?" अभिमन्यूचा आवाज बारीक झाला होता.

"यादी जपानला गेली सर. आता नाव काढता येतं, बदलता येत नाही. काढायचं असलं तर आज सहापर्यंत सांगा. आणि खोलीला एकच मोठी बॅग हं, तेवीस किलो. बसमध्ये जागा नसते."

मोबाईल बंद झाला. विजयमालाबाईंनी पिठातले हात वर न काढताच मुलाकडं पाहिलं.

"तू मला काय सांगितलं हुतंस? सृष्टी माज्याजवळ झोपंल म्हणून."

त्याच क्षणी प्रयागबाई इंद्रजीतकडं वळल्या होत्या. "आन् तू मला काय सांगितलं?"

दोघे चुलतभाऊ एकमेकांकडं बघायला लागले. एकाच सृष्टीचं वचन दोघांनी आपापल्या आईला देऊन ठेवलं होतं. तू तुझ्या आईला सांग, मी माझ्या आईला सांगतो, एवढंच त्यांचं ठरलं होतं. काय सांगायचं ते कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"मला कुणी विचारलंच नाही," सृष्टी म्हणाली.

"तू गप," तिचा बाप म्हणाला.

पिंकी आतून धावत आली. तिला वाद चिघळण्याआधी जोडून टाकायची सवय. "काकू, तिथं गेल्यावर आपण आपसात बदलू. मी तुमच्या खोलीत येते. हे, सृष्टी आणि सासूबाई एकीकडं. कोण बघायला येतंय?"

"सृष्टे, तुज्या आईला सांग," प्रयागबाई बत्त्याकडं बघत म्हणाल्या, "माज्यापायी नवरा-बायकोला येगळं करायचं न्हाय. आन् हेबी सांग. मी येणार न्हाय. माजं नाव काढा." चटणीचा खल तसाच ठेवून त्या उठल्या. जिन्यावर त्यांची पावलं थांबत थांबत वर गेली. गुडघा दुखत होता त्यांचा.

मग खाली एकच गोंधळ. इंद्रजीत अभिमन्यूवर, अभिमन्यू इंद्रजीतवर. पिंकी म्हणाली, काकूंचं काय चुकलं, इतक्या वर्षांत कुणी मिटवायला गेलं का? इंद्रजीत म्हणाला, "माझ्या आईचंच चुकतंय, वहिनी. मोठ्या काकूंनी त्या दिवशी तिच्या भल्यासाठीच घरी पाठवलं होतं. किती दिवस धरून बसायचं?" म्हणजे मुलगा काकूच्या बाजूनं, सून चुलतसासूच्या बाजूनं. विजयमालाबाईंना कुणाचीच बाजू नको होती. त्या भाकरी थापत राहिल्या आणि तीन भाकऱ्या लागोपाठ फाटल्या.

त्या दिवसाचं इंद्रजीत जे म्हणत होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोन हजार पाचचा श्रावण. रावजी दवाखान्यात सहा दिवस होते. सहाव्या दिवशी सकाळी दहाला विजयमालाबाई म्हणाल्या, "प्रयाग, घरी जा, अंगावर पाणी घे, पोराला खायला घाल. मी बसते हितं." प्रयाग जायला तयार नव्हती. त्यांनी तिला जवळजवळ ढकलून रिक्षात बसवलं. सव्वा वाजता रावजी गेले. पावणेदोनला प्रयाग डबा घेऊन आली. तिनं डबा बाकड्यावर ठेवला, पडद्याकडं पाहिलं, विजयमालाबाईंकडं पाहिलं. तिथून पुढं एक शब्द नाही.

एवढं घराला ठाऊक होतं. त्या सव्वातीन तासांत पडद्याआड काय झालं, ते मात्र एकट्या विजयमालाबाईंना ठाऊक होतं. प्रयागनं कधी विचारलं नाही. न बोलणारी विचारणार कशी? या अबोल्याचा त्यांना त्रास होता तसाच आडोसाही होता. मनाशी खरं बोलायचं तर आडोसाच जास्त. घरात हवा होती, सृष्टी होती, मजला होता. त्या परदेशात, एका खोलीत दोन पलंग, नऊ रात्री. तिथं प्रयागनं दिवा मालवून विचारलं, "शेवटी काय म्हणाले?" तर काय सांगायचं? खोटं सांगायचं तर जीभ धजणार नाही, आणि खरं सांगितलं तर ती बाई तिथंच खचून जाईल, असं त्यांना वाटत होतं. म्हणूनच सृष्टीचं वचन घेऊनही महिनाभर त्या जपानला जायला घाबरत होत्या. सगळ्यांना वाटत होतं, विमानाला घाबरतात.

त्यांनी हात धुतले. "अभिमन्यू, त्या पोरीला सांग, माजं नाव काढ. प्रयागला जाऊ दे. तिचा डोंगर हाय त्यो."

"आई!"

"गुडघं दुखत्यात माजं."

"गुडघे काकूंचे दुखतात, तुझे नाही," अभिमन्यू म्हणाला. सृष्टी पाटावरून उठली. "थोरल्या आज्जी राहिल्या तर मीपण जाणार नाही." आणि पिंकीनं कपाळाला हात लावला.

सृष्टी निरोप घेऊन वर गेली. परत आली ती म्हणाली, "धाकट्या आज्जी काहीच बोलल्या नाहीत. नुसती कपाटाची दारं उघडून बसल्यात."

दुपार कलली. चार वाजले तरी अभिमन्यूनं कंपनीला कळवलं नव्हतं. तो मोबाईल हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत होता. आबासाहेब पुढच्या खोलीतल्या झोपाळ्यावर बसून हे सगळं बघत होते. शेवटी उठले, झोपाळ्याची एक कडी मोकळी केली आणि मळ्यात डाळिंबाच्या गोण्या वजन करायचा लोखंडी काटा तिथं अडकवला.

"जाणारी कुणीबी असू दे, बॅग मोजली पायजे. इंद्रजीता, त्या नव्या बॅगंला तोंड उघडून ठेव हितं. आन् आता सगळी चला माज्यासंगं. बर्फ आणायचाय, रस प्यायचाय. पिंकी, तूबी. नागव्वा, तूबी चल. सृष्टे, तू तर पयली."

"मला का?"

"तुज्याबिगर निरोप्या कोण हाय ह्या घरात? म्हणूनच चल."

फाटक वाजलं आणि घर एकदम रिकामं झालं.

विजयमालाबाई बॅगेपाशी बसल्या. सकाळी घाईनं ठेवलेल्या आपल्या साड्या, स्वेटर, गोळ्यांचा डबा त्या एकेक बाहेर काढू लागल्या. आता भीती राहिली नव्हती. जायचंच नाही म्हटल्यावर विचारणारं कोण? तरी हात हलके होत नव्हते.

जिना वाजला. प्रयागबाई खाली आल्या, हातात कपड्यांची चवड. त्यांनी विजयमालाबाईंकडं पाहिलं नाही. बॅगेच्या दुसऱ्या बाजूला बसून कपडे लावू लागल्या. एकीचं बाहेर निघत होतं, दुसरीचं आत जात होतं. चार साड्या. लोकरी टोपी. कॅलेंडरातला तो डोंगर, गुंडाळी करून दोऱ्यानं बांधलेला. आणि सगळ्यांत शेवटी एक चादर. जाड सोलापुरी चादर, मोराची, दीड-दोन किलो सहज भरेल अशी.

विजयमालाबाईंनी ती ओळखली. कोपऱ्यात औषधाचा तपकिरी डाग होता. दवाखान्यातल्या पांघरुणात थंडी वाजते म्हणून रावजींनी घरून मागवली होती. त्या दुपारी ती त्यांच्या छातीपर्यंत होती.

"कुणाला वाटत असंल जड हाय," प्रयागबाई भिंतीला म्हणाल्या, "तर वाटू द्या. चादर निघणार न्हाय. त्यास्नी दाखवायचाय डोंगर."

विजयमालाबाईंच्या हातातला गोळ्यांचा डबा खाली पडला. तो उचलायला त्या वाकल्या नाहीत.

"प्रयाग," त्या म्हणाल्या.

एकोणीस वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून सरळ त्या बाईच्या दिशेनं गेलं नव्हतं. समोरचे हात चादरीवर थांबले, पण मान वर झाली नाही.

"रावजींनी तुला हाका मारल्या हुत्या. त्या दिवशी."

वरचा पंखा तेवढा फिरत होता.

"किती?" प्रयागबाईंचा आवाज खरखरीत निघाला.

"तीनदा. साडेअकराला इचारलं, प्रयाग आली का. म्हटलं, येतीय. बाराला इचारलं. म्हटलं, येतीय. मग श्वास लागला. डाक्टर आले, गेले. सव्वा वाजायच्या आधी परत इचारलं." विजयमालाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "तवा मी म्हणाले, आली. जिना चढतीय. ही बघा, आलीच."

"मग?"

"मग हसले. दाराकडं तोंड केलं. आन् तसंच..."

बाहेर कुणाच्या तरी कूलरमधलं पाणी ठिबकत होतं.

"मी तवा डबा बांधत हुते," प्रयागबाई म्हणाल्या. "पातळ पिठलं. त्यास्नी आवडतं म्हणून."

"व्हय."

"जिन्यात कुठली मी? घरातच हुते मी."

"व्हय. खोटं सांगितलं मी. मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं. तुला त्यांच्यापासनं तोडलं आन् वर त्यास्नी फसवलं. हे तुला कसं सांगायचं, म्हणून मी तुज्या तोंडाकडं बघितलं न्हाय."

प्रयागबाईंनी चादरीची घडी उघडली, पुन्हा घातली, पुन्हा उघडली. "मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "त्यास्नी माजी आठवणच झाली न्हाय. झाली असती तर तुमी सांगितलं असतं की. सहा दिस उशाशी बसले, आन् शेवटाला माजं नावबी घेतलं न्हाय. लोक रडायला आले तवा मी हेच बघत हुते, कोण काय सांगतंय का. तुमी काय सांगितलं न्हाय. तवा मीच ठरवलं, न्हाय घेतलं नाव." त्या थांबल्या. "घरी धाडलं म्हणून न्हवं, अक्का. त्यो राग तेराव्याच्या आतच सरला हुता."

अक्का. विजयमालाबाईंना तो शब्द ऐकून इतकं परकं वाटलं, की कुणी तिसरंच माणूस खोलीत आलं की काय म्हणून त्यांनी दाराकडं पाहिलं.

"आली म्हणून सांगितलं, ते बरं केलं," प्रयागबाई म्हणाल्या. "निवांत गेला त्यांचा जीव." मग नाक पुसून, बाहेर काढलेल्या साड्यांच्या ढिगाकडं हात करून, एकदम चिडून: "ह्या घाला की परत. का मी एकलीनं केक खायाचा?"

साड्या परत आत गेल्या. बॅग बंद झाली. काट्याला अडकवायला एकीला उचलेना.

"धरा, अक्का. त्या बाजूनं."

दोघींनी धरली. काटा सव्वीसावर गेला.

फाटकापाशी बर्फाची पिशवी घेऊन आबासाहेब आले, मागं सगळं घर. आतून भांडण ऐकू येत होतं. एक आवाज म्हणत होता, भाकऱ्या शंभर पुरे, माणसं पाच, दोनशे काय विमानातल्या लोकांना वाटायच्या हायत? दुसरा म्हणत होता, तुमच्या जरीच्या साड्या काढा आधी, तितं काय लग्नाला जायचंय? पहिला म्हणाला, चादर सोडून कायबी काढ. दुसरा म्हणाला, चादरीचं नाव काढलंय कुणी?

सृष्टी पुढं झाली, तर आबासाहेबांनी तिचा दंड धरला. "थांब. तू आत गेलीस तर त्या परत तुज्याकडं बघून बोलतील."

अभिमन्यूनं मोबाईल उचलला, घड्याळ पाहिलं. साडेपाच. त्यानं मोबाईल खिशात ठेवला. बर्फ वितळून पिशवीतून पाणी गळायला लागलं, तरी ती सगळी अंगणातच उभी होती.

जपान झालं. डोंगर दोन दिवस ढगात होता, तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं दिसला. प्रयागबाई चादर अंगावर घेऊन बसमधून उतरल्या आणि म्हणाल्या, "क्यालिंडरात मोठा हुता." एक जूनला गाईडनं दोघींना एकाच सुरीनं केक कापायला लावला; जुळ्या बहिणी नाहीत हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. भाकऱ्या चौथ्या दिवशी संपल्या, आणि कमी कुणी केल्या यावर विमानतळापर्यंत वाद झाला.

सृष्टी पुढं सांगलीला शिकायला गेली. घरात आता निरोप्याची गरज राहिली नव्हती, तरी ती फोनवर दोन्ही आज्यांची तक्रार दोघींकडून वेगवेगळी ऐकते. इंद्रजीतनं आईला पुण्याला नेलं होतं, तीन महिने राहा म्हणून. विसाव्या दिवशी ती परत आली. म्हणाली, तितं भांडायला माणूस न्हाय. पिंकीच्या हाताला आता कडक भाकरी जमते. नागव्वानं शिकवली आणि मग स्वतःचे गुडघे धरून घरी बसली. तो काटा झोपाळ्याच्या कडीलाच राहिला.

आबासाहेब पुढच्या वर्षी पौषात गेले. जमिनीवर मरायचं म्हणत होते, पण दवाखान्यात चार दिवस लागलेच. चौथ्या दिवशी सकाळी अभिमन्यू म्हणाला, "आई, तू घरी जाऊन अंघोळ करून ये, मी थांबतो." विजयमालाबाई उठल्याही होत्या. प्रयागबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बाकड्यावर बसवलं.

"आंघुळीचं ऱ्हाऊ द्या, अक्का," त्या म्हणाल्या. "तुमी हितनं हालायचं न्हाय. डबा मी आणते."

त्या डबा घेऊन आल्या तेव्हा आबासाहेब नुकतेच गेले होते, आणि विजयमालाबाईंच्या हातात त्यांचा हात होता.